कॅरीचा बेत आणि डोरोथी

बदलीचा हुकूम हातात पडला की बँकेतला माणूस सर्वांत आधी यादी करतो. १९९० साली माझी बदली आसामातल्या एका लहानशा शाखेत झाली, तेव्हा मीही केली होती. 'उल्फा'ची बातमी नाही असा दिवस तेव्हा उजाडत नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिथं राष्ट्रपती राजवट लागली आणि लष्कर उतरलं. मी आपला कागदावर आकडे घालत बसलो होतो. गॅसचं व्हाउचर, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, मलेरियाच्या गोळ्या, डिमांड ड्राफ्ट, तीन कुलपं, रजया. एकूण ३४ बाबी. निवृत्तीनंतर जुन्या फायली निस्तरताना ही यादी हाती आली. अक्षर चांगलं आहे. धोका कुठं, पर्याय काय, अडचण आली तर तार कोणाला करायची, सगळं त्यात आहे. ज्या बाईला मी त्या मुलखात घेऊन जाणार होतो तिचं काय म्हणणं होतं, याबद्दल मात्र एक ओळ नाही.

त्या दिवशी टेबलावर विल्यम कॅरीची चरित्रं पडलेली होती. एका कादंबरीच्या निमित्तानं मी ती वाचत होतो. कादंबरी काही पुढं सरकली नाही, पण कॅरी डोक्यातून जाईना. कारण त्यानंही एक यादी केली होती आणि ती पुढं जगभर गाजली.

मराठीच्या विद्यार्थ्याला कॅरी परका नाही. हुगळीच्या काठी, कलकत्त्याच्या उत्तरेला सेरामपूर नावाचं गाव आहे. बंगाली लोक त्याला श्रीरामपूर म्हणतात. तिथल्या छापखान्यातून १८०५ साली त्यानं मराठीचं व्याकरण काढलं, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश काढला, त्यातले मराठी शब्द मोडी टाइपात. १८११ साली बायबलच्या नव्या कराराचं मराठी भाषांतर आलं. पंडित वैजनाथशर्मा त्याच्या हाताशी होते. वाङ्मयाच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात कॅरी येतो आणि दोन परिच्छेदांत निघून जातो. तो तिथवर पोचला कसा, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही.

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यातला. बाप विणकर, पुढं गावच्या शाळेचा मास्तर. मुलगा चांभारकाम शिकला. जोडे शिवता शिवता लॅटिन शिकला, ग्रीक शिकला, हिब्रूही. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णनं त्याच्या हाती आली आणि त्यानं त्याचं डोकंच फिरवलं. कागदाचे तुकडे चिकटवून त्यानं जगाचा एक मोठा नकाशा केला आणि भिंतीवर लावला. कुठल्या देशात लोक किती, धर्म कोणता, हे तो त्या नकाशावर लिहीत असे. समोर आरी, मेणदोरा आणि फाटके बूट, मान वर केली की पृथ्वी.

वयाच्या विसाव्या वर्षी, १० जून १७८१ रोजी, त्यानं डोरोथी प्लॅकेटशी लग्न केलं. ती त्याच्याहून पाचेक वर्षांनी मोठी आणि निरक्षर होती. पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापानं गेली. त्याच तापानं कॅरीच्या डोक्यावरचे केस गेले आणि तो टोप घालू लागला. दुसरी मुलगीही तान्हेपणीच गेली. तीन मुलगे होते : फेलिक्स, विल्यम आणि पीटर. कॅरी बाप्टिस्ट पंथात गेला, मोल्टनला आणि मग लेस्टरला पाद्री झाला. पगार इतका की शाळा आणि जोडे सुटायला तयार नव्हते.

१७९२ च्या मे महिन्यात लेस्टरमध्ये त्याची ८७ पानांची एक पुस्तिका निघाली. किंमत दीड शिलिंग. परदेशी जाऊन धर्मप्रसार करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे की नाही, हा तिचा विषय. पुस्तिका म्हटल्यावर मी प्रवचन असेल असं समजलो होतो. उघडली तर कर्जप्रस्ताव! पानंच्या पानं कोष्टकं आहेत. देशाचं नाव, लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. सगळ्या जगाची बेरीज ७३ कोटी १० लाख, पैकी ४२ कोटींना आपला धर्म ठाऊकच नाही. मग अडचणी मांडल्या आहेत : अंतर, रानटी लोक, जिवाला धोका, अन्नवस्त्राची टंचाई, अनोळखी भाषा. आणि एकेकीचं खंडन. व्यापारी माणूस नफ्यासाठी इतक्या लांब जातो, जीव धोक्यात घालतो, भाषा शिकतो, मग आपल्यालाच अडचणी कशा दिसतात, असा त्याचा एकंदर सूर. मी अशी शेकडो प्रकरणं वाचली आहेत. इतकी नीट मांडलेली फार थोडी.

पुढं तर सामानाची यादीच आहे. किमान दोन माणसांनी जावं, शक्यतो लग्न झालेल्यांनी. त्यांची पोटापाण्याची चिंता वाहायला आणखी दोन-चार कुटुंबं बरोबर असावीत. कपडे, सुऱ्या, बंदुकीची दारू, मासे धरायची साधनं, शेतीची अवजारं, एक-दोन गायी, एक वळू, बियाणं. बायका आणि मुलं घरकामाला उपयोगी पडतील. पैशाचीही वाट सांगितली आहे. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या कष्टावर पिकते म्हणून पुष्कळ घरांनी ती तेव्हा सोडली होती, तो वाचलेला पैसाही इकडे द्यावा. साखरेचा हा हिशेब वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत त्याला दाद दिली. पण गायी आणि बियाण्याच्या पंगतीत बायका आल्या, ते पहिल्या वाचनात माझ्या लक्षातही आलं नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅमला पाद्र्यांच्या सभेत त्यानं प्रवचन केलं. ऐकणारे हलले, आणि दुसऱ्या दिवशी काहीच न ठरवता घरी जायला निघाले. सभांचं असंच असतं. कॅरीनं अँड्र्यू फुलर या ज्येष्ठ पाद्र्याचा हात धरला आणि पुन्हा नुसतं बोलूनच उठायचं का, असं काकुळतीनं विचारलं. म्हणून ठराव झाला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावात एका विधवेच्या घराच्या मागच्या खोलीत डझनभर माणसं जमली आणि संस्था निघाली. जमलेल्या वचनांची रक्कम १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. चिठ्ठ्या फुलरच्या तपकिरीच्या डबीत गोळा केल्या असं सांगतात. वचनं, बरं का, रोकड नव्हे. वसुली व्हायचीच होती.

कॅरीच्या मनात ताहिती बेट होतं, नाहीतर आफ्रिका. हिंदुस्थान आला तो जॉन थॉमसमुळं. हा जहाजावरचा डॉक्टर बंगालात राहून आलेला, थोडी बंगाली जाणणारा, मनानं उमदा, आणि कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. धनको टाळत लंडनमध्ये हिंडत होता. आमच्याकडे अशा माणसाला जामीन म्हणूनही कोणी घेतलं नसतं. ९ जानेवारी १७९३ रोजी केटरिंगला समिती बसली. थॉमस पुन्हा बंगालात जायला तयार होता, त्याला जोडीदार हवा होता. कॅरी म्हणाला, मी जातो. तो घरी आला आणि डोरोथीला सांगितलं. ती पाचेक महिन्यांची गरोदर होती. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. ती नाही म्हणाली.

पुष्कळ चरित्रकारांनी या नकारासाठी तिला बोल लावले आहेत. श्रद्धा कमी, बुद्धी बेताची, नवऱ्याची उंची तिला कळली नाही वगैरे. मला तर तिचा नकार सगळ्या पुस्तिकेपेक्षा अधिक व्यवहारी वाटतो. दोन मुली पुरलेल्या, तीन मुलगे अंगाखांद्यावर, चौथं पोटात, आणि नवरा पाच महिन्यांच्या समुद्रापलीकडे एका कर्जबाजारी माणसाच्या भरवशावर निघालेला. कॅरीनं तोडगा काढला तो असा : आठेक वर्षांच्या फेलिक्सला घेऊन मी पुढं जातो, जम बसला की येऊन तुम्हाला नेतो. डोरोथी आपल्या माणसांजवळ, पिडिंग्टनला राहायला गेली.

समितीचा निर्णय होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच युरोप पेटला. २१ जानेवारीला पॅरिसमध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला आणि १ फेब्रुवारीला फ्रान्सनं इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. इंग्लिश खाडीत फ्रेंच लुटारू जहाजांची भीती पसरली. घरातही वारं बरं नव्हतं. राजमान्य चर्चच्या बाहेरच्या पंथांवर फ्रेंच क्रांतीचे छुपे पाठीराखे म्हणून संशय होता. १७९१ च्या जुलैत बर्मिंगहॅममध्ये जमावानं जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञ-पाद्र्याचं घर जाळलं होतं. आणि ज्या देशात जायचं तिथं ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य. तिच्या परवान्याशिवाय इंग्रज माणसाला तिच्या मुलखात पाय ठेवता येत नसे, आणि मिशनरी तर तिला नकोच होते. धर्माला हात लावला की रयत बिथरते आणि रयत बिथरली की महसूल बुडतो, हे तिचं गणित. त्याच वर्षी पार्लमेंटात कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण होत होतं. विल्बरफोर्सनं मिशनरी आणि शिक्षक पाठवण्याचं कलम घालून पाहिलं. कंपनीच्या माणसांनी ते काढायला लावलं.

कॅरी आणि थॉमस यांनी परवान्यासाठी लंडनमध्ये खेटे घातले. मिळाला नाही. तेव्हा परवान्याशिवायच जायचं ठरलं. ज्या जहाजावर थॉमसनं पूर्वी नोकरी केली होती त्या 'अर्ल ऑफ ऑक्सफर्ड'चा कप्तान ओळखीचा होता. त्यानं डोळेझाक करायचं कबूल केलं. ४ एप्रिलला कॅरी, फेलिक्स, थॉमस, त्याची बायको आणि मुलगी जहाजावर चढले.

आणि जहाज हललंच नाही. युद्धामुळं व्यापारी जहाजांनी एकेकटं न जाता आरमाराच्या सोबतीनं काफिल्यानं निघायचं होतं. काफिला जमेपर्यंत आइल ऑफ वाइट बेटाजवळ नांगर टाकून थांबा. एक आठवडा, दोन, चार, सहा. मे महिन्याच्या सुरुवातीला पिडिंग्टनला डोरोथी बाळंत झाली. मुलाचं नाव जेबेझ ठेवलं. बापाला ही बातमी नांगरलेल्या जहाजाच्या मुक्कामी पत्रानं कळली. त्याचं उत्तराचं पत्र उपलब्ध आहे. त्यात प्रेम आहे, देवावरचा भरवसा आहे, आणि सगळं जग मिळालं तर मी ते तुम्हाला माझ्याजवळ आणण्यासाठी देऊन टाकीन अशा अर्थाचंही काही आहे. परत येतो असं मात्र नाही.

मग कप्तानाला एक निनावी पत्र आलं. परवान्याशिवाय माणूस नेत असल्याबद्दल तुझ्याविरुद्ध फिर्याद होणार आहे. थॉमसच्या एखाद्या धनकोनंच ते लिहिलं असावं असा संशय आहे. कप्तान घाबरला. नोकरी जाण्याचा प्रश्न होता. मे संपत आला असताना कॅरी, फेलिक्स आणि थॉमस सामानसुमानासह किनाऱ्यावर उतरवले गेले. थॉमसची बायको आणि मुलगी तशाच पुढं गेल्या. काही दिवसांनी काफिला त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला. कॅरी रडला.

थॉमस रडणाऱ्यांतला नव्हता. (असे लोक कर्ज बुडवतात आणि वेळेला उपयोगीही पडतात.) तो लंडनला एका कॉफीगृहात जाऊन चौकशी करत बसला. तिथल्या वेटरनं त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली : एक डॅनिश जहाज बंगालला निघणार आहे, थोड्याच दिवसांत डोव्हरला येईल. मोठ्या माणसाला १०० पौंड, मुलाला ५०, नोकराला २५. डेन्मार्क युद्धात तटस्थ होता. त्याच्या निशाणाला ना फ्रेंचांची भीती, ना कंपनीच्या परवान्याची गरज. म्हणजे ज्या युद्धानं कॅरीचं एक जहाज अडवलं, त्याच युद्धामुळं दुसरं अधिक सुरक्षित ठरलं.

दोघं रात्रीचा प्रवास करून सकाळी पिडिंग्टनला पोचले. डोरोथीच्या मांडीवर महिन्याभराचंही नसलेलं मूल. कॅरीनं पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. दोघं पैशाच्या तजविजीसाठी नॉर्थॅम्प्टनकडे चालू लागले. वाटेत थॉमसला राहवेना. तो परत फिरला आणि तिला त्यानं सांगितलं की, कुटुंबाची अशी पांगापांग झाली तर तू जन्मभर पस्तावशील. या वाक्यानं ती खचली. तिनं एकच अट घातली : धाकटी बहीण किटी बरोबर येत असेल तर येते. किटीला काही क्षणांत आयुष्याचा निर्णय घ्यायला सांगण्यात आलं. ती आत जाऊन प्रार्थना करून आली आणि हो म्हणाली. घरातलं किडूकमिडूक विकण्यात, गाठोडी बांधण्यात पुढचे काही तास गेले.

या ठिकाणी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या घरी १९९० मध्ये कोणी थॉमस आला नव्हता. ते काम मीच केलं होतं. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, तिथं शाळा चांगली आहे, आणि मला एकट्याला तिथं काही झालं तर? हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम रात्री, मुलगी झोपल्यावर विचारला होता. माझी पत्नी थोडा वेळ गप्प बसली आणि उठून ट्रंक काढायला गेली. मला वाटलं, पटलं.

आता हिशेब पाहा. माणसं आठ : कॅरी, डोरोथी, चार मुलं, किटी, थॉमस. पैसे अपुरे. थॉमसनं स्वतःला आणि किटीला नोकर म्हणून दाखवलं आणि सगळ्यांचं मिळून ३०० गिनींत ठरवलं. गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा ३१५ पौंड. केटरिंगच्या खोलीत जमलेल्या त्या १३ पौंड अडीच शिलिंगांच्या बरोबर २४ पट. मी कागदावर भागाकार केला. बाकी शून्य आली. मधल्या आठ महिन्यांत गावोगावच्या मंडळ्यांनी वर्गणी दिली होती, आणि शेवटच्या घडीला नॉर्थॅम्प्टनच्या रायलंड पाद्र्यानं धावाधाव करून उरलेली तोंडमिळवणी केली. कप्तान दिलदार होता; त्यानं या 'नोकरांना' आपल्या पंगतीला बसवलं. १३ जून १७९३ रोजी 'क्रोन प्रिन्सेसा मारिया' डोव्हरहून निघालं. कॅरीनं वाटेत आपला टोप समुद्रात फेकून दिला असं सांगतात. पाच महिने मध्ये कुठं बंदर नाही. थॉमसकडून तो बंगाली शिकत होता. डोरोथी त्या पाच महिन्यांत अंगावरचं मूल सांभाळत होती.

मला राहून राहून एकच गोष्ट दिसते. काफिला वेळेवर निघाला असता तर कॅरी एप्रिलमध्येच फेलिक्सला घेऊन गेला असता आणि डोरोथी पिडिंग्टनला राहिली असती. फ्रान्सच्या राजाची मान उडाली, खाडीत जहाजं तुंबली, एका धनकोनं चिठ्ठी लिहिली, आणि त्या सगळ्याचा शेवट नॉर्थॅम्प्टनशायरच्या एका बाळंतिणीला बंगालात नेण्यात झाला. कर्जाच्या करारात युद्ध, दंगल, दैवी आपत्ती यांचं एक कलम असतं. कोणी वाचत नाही. कॅरीच्या पुस्तिकेत धोक्यांची इतकी कसून मोजदाद आहे, पण तिथले सगळे धोके पलीकडच्या किनाऱ्यावरचे आहेत. घरापासून जहाजापर्यंतच्या वाटेवर काय होईल ते त्यानं धरलंच नव्हतं.

११ नोव्हेंबरला ते कलकत्त्याला उतरले. जकातीच्या चौकीला चुकवून, लहान होडीतून. बरोबर विकायला आणलेला सुमारे १५० पौंडांचा माल होता. त्यावर घर बसवायचं होतं. जमाखर्च थॉमसच्या हाती दिला होता. पुढं काय झालं हे सांगायला बँकेतला माणूस लागत नाही. थोड्याच दिवसांत पैसा संपला. थॉमस कलकत्त्यात डॉक्टरकी थाटून बसला आणि कॅरी कुटुंबासह शहराबाहेर माणिकतळ्याला एका बंगाली सावकाराच्या बागेतल्या घरात फुकट राहिला. डोरोथी आणि फेलिक्स आवेनं आजारी. बहिणी-बहिणी भाकरीच्या तुकड्यावरून, म्हणजे इंग्लंडातल्या पावावरून, कुरकुरतात अशी तक्रार कॅरीच्या डायरीत आहे. तिथून सुंदरबनाच्या कडेला देभाट्टा. वाघांचा मुलूख. तिथं मिठाच्या खात्यातल्या शॉर्ट नावाच्या इंग्रजानं त्यांना आसरा दिला. हा गृहस्थ धर्मबिर्म न मानणारा, पण माणूस भला. किटीचं आणि त्याचं जमलं. पुढं दोघांनी लग्न केलं.

१७९४ च्या जूनमध्ये कॅरीला माळद्याजवळ मुदनाबाटी इथं निळीच्या कारखान्याची व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. पगार दरमहा २०० रुपये. इथं मला त्याचा सर्वांत अधिक आदर वाटतो. पहिल्या पगाराची खात्री होताच त्यानं इंग्लंडला लिहिलं की, माझा खर्च आता तुमच्यावर नाही. ते पैसे दुसरीकडे मिशन काढायला वापरा. मला फक्त बी-बियाणं आणि अवजारं पाठवा, त्यांचे पैसे मी देईन. समितीनं उलट त्याला धंद्यात फार गुंतू नकोस असा उपदेश केला. मुख्यालयं सगळीकडे सारखीच.

पण मुदनाबाटीला जाताना किटी मागं राहिली. डोरोथीनं घातलेली एकुलती एक अट वर्षाच्या आत संपली. इंग्लंडची पहिली पत्रं त्यांच्या हाती यायला जवळजवळ दोन वर्षं लागली. १७९४ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर तापानं गेला. प्रेताला हात लावायला, खड्डा खणायला कोणी तयार होईना. हिंदू नाही, मुसलमान नाही. तापातून नुकता उठलेला कॅरी हताश झाला होता. अखेर कशीबशी माणसं मिळाली, तर त्यांना गावानं वाळीत टाकलं.

त्यानंतर डोरोथीचं मन गेलं. १७९५ पासून तिला भ्रम होऊ लागले. नवरा बाहेरख्याली आहे अशी तिची खात्री झाली. ती रस्त्यातून त्याच्या मागं आरडाओरडा करत जाई. पुढं पुढं तिला खोलीत कोंडून ठेवावं लागलं. १७९६ मध्ये त्यांना आणखी एक मुलगा झाला. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा असा सल्ला कॅरीला मिळाला होता. तिथली दशा ठाऊक असल्यानं त्यानं तो मानला नाही. ही त्याची माया होती, यात मला शंका नाही.

१७९९ मध्ये मार्शमन, वॉर्ड आणि इतर मंडळी इंग्लंडहून आली. कंपनीनं त्यांना उतरू देईना, म्हणून त्यांनी सेरामपूर गाठलं. हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. पुन्हा तेच निशाण कामाला आलं. कंपनी त्यांना हुसकावू पाहत होती, पण डॅनिश गव्हर्नर ओल बी बधला नाही. १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही मुदनाबाटी सोडून तिथं आला. त्या वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला, बंगालातला त्यांचा पहिला हिंदू. त्या दिवशी आनंदानं थॉमसचं डोकं फिरलं. एका खोलीत तो ओरडत होता, दुसरीत डोरोथी, आणि बाहेर नदीवर कॅरी आपल्या मुलाला आणि कृष्ण पालला पाण्यात उतरवत होता. थॉमस पुढच्याच वर्षी वारला.

१८०१ मध्ये लॉर्ड वेलस्लीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली शिकवू लागला. पुढं संस्कृत आणि मराठी आलं. पगार दरमहा ५०० रुपये, नंतर १०००. ज्या कंपनीनं परवाना नाकारला तिच्याच तिजोरीतून हा पैसा येत होता आणि त्यातला बहुतेक सगळा सेरामपूरच्या सामाईक खात्यात जमा होत होता. १८०३ मध्ये इंग्रजांचं शिंदे-भोसल्यांशी युद्ध झालं आणि मराठी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची गरज वाढली. वैजनाथशर्मा पंडितांना शेजारी बसवून कॅरी विभक्तिप्रत्यय लावत होता. १८०५ चं ते व्याकरण तयार झालं तेव्हा डोरोथी जिवंत होती. सेरामपूरच्या घरात, कोंडलेली. शेजारच्या खोलीतून तिचा आवाज चालू असतानाच त्यानं पुष्कळशी भाषांतरं केली असं त्याचे सहकारी सांगतात. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती तापानं गेली. पुढच्या मे महिन्यात कॅरीनं शार्लट रूमोर या डॅनिश बाईशी लग्न केलं. ती शिकलेली होती, भाषांतराची प्रुफं तपासू शकत होती, आणि कॅरी तिच्याबरोबर सुखी झाला.

पुढचं सगळं पुस्तकांत आहे. १८०६ च्या वेल्लोरच्या शिपायांच्या उठावानंतर कंपनीनं मिशनऱ्यांवर पुन्हा बंधनं आणली. १८१२ मध्ये छापखाना जळाला आणि कॅरी पुन्हा पहिल्या पानापासून कामाला लागला. १८१३ च्या सनदेत मिशनऱ्यांना रीतसर वाट मिळाली. १८२९ चा सतीबंदीचा कायदा त्याच्याकडे भाषांतराला आला, तेव्हा त्यानं त्या रविवारचं प्रवचन दुसऱ्यावर सोपवून दिवसभरात तो संपवला. एक दिवस उशीर म्हणजे किती चिता, हा हिशेब त्याला कळत होता. ९ जून १८३४ रोजी तो सेरामपूरलाच वारला. एकेचाळीस वर्षांत एकदाही इंग्लंडला परत गेला नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ऑडिटच्या कामानं कोलकात्याला गेलो असताना एका रविवारी हावड्याहून लोकल पकडून मी सेरामपूरला जाऊन आलो. कॉलेजच्या खांबांची भव्य इमारत, समोर हुगळी, पलीकडच्या काठावर बराकपूर. पत्नी बरोबर होती. आसामातल्या दिवसांवर मी एक कादंबरी लिहिली आहे. तीत एक बँक अधिकारी आहे, संचारबंदी आहे, रात्री दारावर पडलेली थाप आहे. अधिकाऱ्याच्या बायकोला तीन-चार वाक्यं आहेत. पत्नीनं ती प्रसिद्ध झाली तेव्हाच वाचली होती. नदीकाठी बसल्यावर मी तिला डोरोथीची सगळी हकीकत सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि विचारलं, तिनं स्वतः कुठं काही लिहून ठेवलंय का?

पिडिंग्टनच्या चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं तेव्हा नोंदवहीत कॅरीनं सही केली. तिच्या नावापुढं, सहीच्या जागी, एक फुली आहे.